फ्लोरिडातल्या झऱ्यांवर हिवाळी कयाकिंग आणि कॅम्पिंग: दोन मुक्काम, चार पार्क

उत्तर आणि मध्य फ्लोरिडाच्या पोटात चुनखडकाचा जाड थर आहे. पावसाचं पाणी त्यात मुरतं, भेगांतून वाहतं आणि वाट मिळेल तिथे झरा होऊन वर येतं. या पाण्याचं तापमान बारा महिने ७२ अंश फॅरनहाइटच्या (२२ सेल्सिअस) आसपास असतं. त्यामुळे जुलैत गारेगार वाटणारं पाणी जानेवारीत कोमट लागतं. उन्हाळ्यात याच नद्यांवर टायरट्यूबवाल्यांची जत्रा भरते, डास फोडून काढतात आणि दुपारी रोज गडगडाट होतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत यातलं जवळपास काहीच नसतं. न्यू जर्सी, शिकागो, टोरांटोकडची आपली बरीच मंडळी नाताळच्या सुट्टीत ऑरलँडोला येतातच. त्यातले पाच-सहा दिवस काढून स्टेट पार्कांत तंबू ठोकायचा असेल, तर पुढची आखणी उपयोगी पडेल.

आखणीचं सूत्र असं की कोणत्या दिवशी कुठे जायचं हे आधी ठरवायचं नाही, ते थंडीच्या लाटेवर सोडायचं. त्यासाठी रोज नवा मुक्काम टाळायला हवा. डिसेंबरअखेर इथे सूर्य सकाळी सव्वासातनंतर उगवतो आणि साडेपाचच्या सुमारास मावळतो. एवढ्याशा दिवसात दवाने ओला तंबू गुंडाळणं, तासभर गाडी चालवणं आणि पुन्हा तंबू उभारणं केलंत तर वल्हं हातात घ्यायला वेळ उरत नाही. म्हणून मुक्काम दोनच: ओकालाजवळ सिल्व्हर स्प्रिंग्ज स्टेट पार्कात चार रात्री आणि हाय स्प्रिंग्जजवळ ओलीनो स्टेट पार्कात दोन रात्री. रेनबो नदी, ब्लू स्प्रिंग आणि इचटकनी नदी या दोन ठिकाणांहून पाऊण ते दीड तासात गाठता येतात.

आरक्षण

१ जानेवारी २०२४ पासून फ्लोरिडाच्या रहिवाशांना ११ महिने आधी आणि बाहेरच्यांना १० महिने आधी जागा राखता येते. म्हणजे २६ डिसेंबरला पोहोचायचं असेल तर न्यू जर्सीकराने २६ फेब्रुवारीला सकाळी संगणकासमोर बसायचं. तोवर रहिवाशांचा महिनाभर आधीचा हात फिरलेला असतो, त्यामुळे नाताळच्या आठवड्यात ब्लू स्प्रिंगमध्ये तंबूची जागा मिळणं जवळपास अशक्यच. तिच्यामागे लागू नका, ते पार्क दिवसाच्या फेरीत बघता येतं. सिल्व्हर स्प्रिंग्ज आणि ओलीनोला संधी बरी असते. सुट्टीच्या आधीच्या दोन आठवड्यांत लोक आरक्षण रद्द करतात, तेव्हा रोज सकाळी एकदा संकेतस्थळ पाहावं.

सुट्टीचं बंधन नसेल तर नाताळ सोडून सरळ संक्रांतीच्या आसपास जा. गर्दी कमी असते आणि मॅनाटी (समुद्रगायी) सर्वांत जास्त त्याच सुमारास दिसतात.

एका जागेवर आठ माणसांपर्यंत राहता येतं. रात्रीचं मूळ भाडं १८ ते २४ डॉलरच्या घरात असतं, त्यावर वीज-पाणी, कर आणि आरक्षणाचं शुल्क चढतं. पैसे भरताना पडद्यावर दिसेल तो आकडा खरा. या दोन्ही पार्कांत जागेवर नळ आणि विजेचा खांब असतो, जवळच गरम पाण्याची न्हाणीघरं असतात. सिल्व्हर स्प्रिंग्जमध्ये लाकडी केबिनही आहेत. भारतातून आलेले आईबाबा सोबत असतील तर त्यांच्यासाठी एक केबिन आणि बाकीच्यांसाठी तंबू, ही वाटणी सगळ्यांना सुखाची पडते.

पार्क सकाळी ८ वाजता उघडतात आणि सूर्यास्ताला फाटक बंद होतं. मुक्कामाला असणाऱ्यांना फाटकाचा कोड मिळतो. विमान उशिरा उतरणार असेल तर दुपारीच पार्कला फोन करून तो कोड मागून घ्या, नाहीतर पहिली रात्र मोटेलात जाईल.

थंडीची लाट आणि दिवसांचा क्रम

इथली थंडी सलग नसते. दर चार-सात दिवसांनी उत्तरेकडून थंड हवेची आघाडी उतरते आणि तिचा क्रम ठरलेला असतो. आधी दक्षिणेचा वारा सुटतो, हवा दमट आणि ऊबदार होते. मग काही तास पाऊस पडतो, कधी विजाही असतात. पाऊस सरला की वारा वायव्येकडे फिरतो आणि दिवसभर जोरात वाहतो. त्यानंतरची रात्र निरभ्र आणि निवांत असते. सर्वांत कडक गारठा बहुधा याच रात्री पडतो, पावसाच्या रात्री नव्हे. जानेवारीत ओकाला-गेन्सव्हिल भागात पहाटेचं तापमान सरासरीने ४२-४४ अंश (६ सेल्सिअस) असतं, पण लाटेच्या रात्री ते गोठणबिंदूखाली सहज जातं. दुपारी मात्र स्वेटर काढावासा वाटतो.

नॅशनल वेदर सर्व्हिसचा तासागणिक अंदाज रोज संध्याकाळी पाहा आणि दिवस असे लावा. पावसाच्या दिवशी पाण्यावर जायचं नाही. विजा असतील तर अजिबातच नाही. वायव्य वाऱ्याच्या दिवशी सिल्व्हर नदी निवडा, कारण तिच्या दोन्ही काठांना दाट जंगल आहे आणि वारा पाण्यापर्यंत फारसा उतरत नाही. सर्वांत थंड पहाट ब्लू स्प्रिंगची. मग हवा सावरते, वारा पडतो, ते दोन दिवस रेनबो आणि इचटकनीचे. वाऱ्याचा अंदाज ताशी १० मैलांपर्यंत असेल तर कुठेही जा. १५ च्या आसपास असेल तर फक्त झाडीतली नदी. २० च्या वर असेल तर तंबूच्या दोऱ्या ताणून घ्या आणि ओकाला गावात जेवायला जा.

तंबू आणि झोप

फ्लोरिडा म्हणून उन्हाळी स्लीपिंग बॅग आणणारे लोक पहिल्याच पहाटे गाडीत हीटर लावून बसलेले दिसतात. बॅगेवर छापलेला आकडा बहुतेक वेळा तगून राहण्याचा असतो, सुखाने झोपण्याचा नसतो. त्यात १० ते १५ अंश फॅरनहाइट मिळवा म्हणजे खरा आकडा कळेल. त्या हिशेबाने २० अंशांची बॅग घ्यावी. तिच्याखालची गादी त्याहून महत्त्वाची, कारण अंगाखाली दबलेल्या बॅगेत हवा उरत नाही आणि जमीन ऊब शोषत राहते. गादी जमिनीचा गारवा किती अडवते हे सांगणारा आर-व्हॅल्यू नावाचा आकडा तिच्यावर असतो, तो ४ किंवा जास्त हवा. साधी हवेची फुगवणारी गादी इथे सर्वांत वाईट, आतली हवा जमिनीइतकीच गार होते. तीच असेल तर वर जाड ब्लँकेट आणि त्यावर बॅग, असा थर करा. घरची गोधडी गाडीतून नेता येत असेल तर जरूर न्या, पण कापूस दव पितो. सकाळी ती उन्हात टाकायलाच हवी.

इथली हवा दमट असल्याने दुसरा त्रास आतल्या पाण्याचा. चार माणसांच्या श्वासातली वाफ तंबूच्या छतावर जमते आणि पहाटे थेंबाथेंबाने गळते. थंडी वाजते म्हणून सगळ्या झडपा बंद करणं ही नेहमीची चूक. वरच्या झडपा उघड्याच ठेवा आणि बाहेरचं आवरण आतल्या कापडाला टेकणार नाही असं ताणून बांधा. ओले कपडे तंबूत वाळत घालू नका, ते वाळत तर नाहीतच, वर वाफ वाढवतात.

जमीन वाळूची आहे. तंबूसोबत मिळणाऱ्या बारीक खुंट्या वाऱ्याच्या पहिल्या झटक्याला उपटतात, तेव्हा ९-१० इंची रुंद पात्याच्या खुंट्या वेगळ्या घ्या आणि तिरप्या ठोका. तंबूत गॅसचा हीटर किंवा शेगडी कधीही पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. त्याऐवजी कडक झाकणाच्या एक लिटरच्या बाटलीत गरम पाणी भरा, मोज्यात घाला आणि पायाशी ठेवा. पहाटेपर्यंत ती कोमट राहते.

शेकोटीसाठी लोखंडी कडं जागेवर असतं. पार्कातलं लाकूड गोळा करायला बंदी आहे. लाकूड जवळपासच विकत घ्या, ५० मैलांपलीकडून आणू नका. लाकडातून किडे आणि झाडांचे रोग पसरतात. हिवाळा हा इथला कोरडा हंगाम, त्यामुळे शेकोटीवर बंदी असू शकते. पोहोचल्यावर विचारून घ्या.

चूल

विमानातून गॅसची नळकांडी नेता येत नाहीत, ती उतरल्यावरच घ्यावी लागतात. दोन बर्नरची साधी प्रोपेनवर चालणारी शेगडी आणि १ पौंडाचे हिरवे सिलिंडर उत्तम. फक्त ब्युटेनवर चालणारी चपटी शेगडी टाळा, कारण ब्युटेन उणे अर्ध्या सेल्सिअसला उकळतं. पहाटे गोठणबिंदूजवळ त्याचा दाब इतका घसरतो की चहाचं पाणीही तापत नाही. प्रोपेनला ही अडचण नाही.

तीन लिटरच्या कुकरात एक कप तांदूळ, अर्धा कप मूगडाळ आणि साडेचार कप पाणी, एवढीच खिचडी लावा. कुकर निम्मा भरतो आणि डाळ फेसाळते म्हणून निम्म्यावर थांबणं बरं. तिघांना पुरते, पाच-सहा जण असाल तर दोनदा लावा किंवा पाच लिटरचा कुकर आणा. पिठल्यासाठी घरूनच एक कप बेसन मंद आचेवर सहा-सात मिनिटं कोरडं भाजून, त्यात हळद, तिखट, मीठ मिसळून डबा भरा. तिथे फोडणी करून तीन कप पाणी उकळायचं, हे पीठ थोड्या गार पाण्यात कालवून ओतायचं आणि झाकण ठेवायचं, दहा मिनिटांत चार माणसांचं होतं. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, लसणाची चटणी या गोष्टी थंडीत टिकतात आणि भूक भागवतात. रात्री ११ ते सकाळी ७ शांतता पाळायची असते, शिट्ट्या त्याआधीच संपवा.

जेवण झालं की सगळं अन्न, टूथपेस्टसुद्धा, गाडीच्या डिकीत. रकून कूलरचं झाकण सहज उघडतात आणि ओकालाच्या जंगलात काळी अस्वलं आहेत.

कयाक, कपडे आणि कायदा

विमानाने येणाऱ्यांनी कयाक भाड्यानेच घ्यावी. सिल्व्हर, रेनबो आणि इचटकनी तिन्हीकडे भाड्याची सोय आहे. पहिल्यांदाच बसणाऱ्यांसाठी वरून उघडी, दोन माणसांची कयाक सोयीची. ती उलटली तरी पाण्याने भरत नाही आणि मुलाला पुढे बसवता येतं. तोटा एकच, बूड ओलं होतं. म्हणून बसायला फोमचा तुकडा आणि पायांत जलरोधक पँट असावी.

प्रत्येक माणसामागे यू.एस. कोस्ट गार्डची मान्यता असलेलं मापाचं लाइफ जॅकेट आणि प्रत्येक कयाकवर एक शिट्टी हवी, हा कायदा आहे. सहा वर्षांखालच्या मुलाने जॅकेट घातलेलंच हवं. बाकीच्यांना नुसतं सोबत ठेवलं तरी कायद्याने चालतं, पण थंडीत जाड कपड्यांनिशी पाण्यात पडल्यावर ते अंगात चढवता येत नाही. पाण्यावर असेपर्यंत काढू नका.

अंगाला सुती काही नको. आत पॉलिस्टर किंवा बारीक लोकरीचा बनियन, त्यावर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं जॅकेट. जीन्स तर नकोच, एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही. डोक्याला लोकरी टोपी, पायात ओले झाले तरी चालतील असे बूट. प्रत्येक माणसाचा कोरड्या कपड्यांचा पूर्ण जोड १० लिटरच्या ड्राय बॅगेत (पाणी आत न शिरणाऱ्या पिशवीत) कयाकमध्येच ठेवायचा. गाडीत ठेवलेला जोड तीन मैलांवर काही कामाचा नसतो. ड्राय बॅगेचं तोंड किमान तीन वेळा गुंडाळल्याशिवाय बंद झालं असं समजू नका. माणशी दोन लिटर पाणी, डोक्याला लावायची बॅटरी, स्पंज, पाच मीटर दोर, प्रथमोपचार आणि मोबाइलवर आधी उतरवून ठेवलेला नकाशा, एवढं पुरे. जड सामान मधोमध आणि तळाशी ठेवा. मागे ठेवलंत तर पुढचं टोक उचलतं आणि वाऱ्याने कयाक भरकटते.

सिल्व्हर नदी

पार्काला दोन वेगळी प्रवेशद्वारं आहेत आणि इथेच पहिल्या दिवशी घोळ होतो. कॅम्पग्राउंडचं फाटक स्टेट रोड ३५ वर आहे. तिथून नदी अर्ध्या मैलाहून जास्त लांब आहे आणि कयाक हाताने किंवा ढकलगाडीवर न्यावी लागते. गाडीतून सरळ पाण्याजवळ जायचं तर स्टेट रोड ४० वरच्या, काचेच्या तळाच्या बोटी चालतात त्या मुख्य प्रवेशद्वारातून जा. पाण्यात उतरण्याचं शुल्क वेगळं आहे.

उगमापासून ओक्लावाहा नदीच्या संगमापर्यंत सिल्व्हर नदी साधारण ५ मैल आहे. प्रवाह ताशी एक ते दोन मैल, आणि तो दिसतो त्यापेक्षा जास्त ओढतो. आकडेमोड करून पाहा. सवय नसलेल्या हातांनी शांत पाण्यात कयाक ताशी ३ मैल जाते. प्रवाह दीड मैल धरला तर जाताना वेग साडेचार, परतताना दीड. जो मैल खाली जाताना १३-१४ मिनिटांत सरतो, त्याला परतताना ४० मिनिटं लागतात. दर वर्षी कितीतरी कुटुंबं ‘मजेत तासभर’ खाली जातात आणि मग तीन तास वल्ही मारत, मुलं रडवेली होऊन, अंधार पडता पडता परततात.

यावर तीन तोडगे आहेत. उगमापासून निघाला असाल तर घड्याळ लावा आणि अर्ध्या तासाने, मन होत नसलं तरी, वळा. परतीला दीड तास लागेल. दोन गाड्या असतील तर एक आधीच संगमाजवळच्या रे वेसाइड या काउंटी पार्कात लावून ठेवा आणि एकाच दिशेने पाच मैल जा. रमतगमत अडीच तास. तिसरा तोडगा आम्हाला सर्वांत पटतो: रे वेसाइडपासूनच सुरुवात करायची, दोन तास प्रवाहाविरुद्ध वर जायचं आणि दमल्यावर नदीने चाळीस मिनिटांत खाली आणायचं. कष्ट आधी उरकतात आणि कुठेही वळलं तरी परत येण्याची खात्री असते. वर जाताना मध्यभाग सोडून काठाजवळून, वळणाच्या आतल्या बाजूने वल्हवा; तिथे ओढ कमी असते.

या नदीत पोहायला मनाई आहे. काठावर माकडं दिसतील, तीही आपल्याकडच्या उत्तर भारतातली लाल तोंडाची. १९३० च्या दशकात पर्यटकांना दाखवायला इथल्या एका बोटवाल्याने ती एका बेटावर सोडली. माकडं पोहतात हे त्याला ठाऊक नव्हतं. आज त्यांचे वंशज जंगलभर आहेत आणि त्यांतल्या काहींमध्ये माणसाला जिवावर बेतू शकणारा हर्पीस बी विषाणू आढळला आहे. देवळाबाहेर शेंगदाणे टाकायची सवय इथे आवरायची. माकडांना खाऊ घालणं २०१८ पासून फ्लोरिडात बेकायदा आहे. फांद्यांवर टोळी दिसली तर त्यांच्या खालून जाऊ नका, पलीकडच्या काठाने जा.

रेनबो नदी

डनेलनजवळची ही नदी पावणेसहा मैलांची आणि सिल्व्हरपेक्षा उघडी. आपला मुक्काम इथे नाही, म्हणून के.पी. होल या काउंटी पार्कातून उतरा आणि दीड मैल वर, उगमाकडे जा. वर जायला तास-सव्वातास, खाली यायला पंचवीस मिनिटं. सकाळी दहा ते दुपारी दोन ही वेळ धरा. ऊन डोक्यावर असताना तळाची वाळू खदखदताना दिसते. पाण्यावरची चमक अडवणारा पोलराइज्ड चष्मा नसेल तर निम्मी गंमत जाते. पोहण्यासाठी दोर लावून राखलेल्या भागात कयाक नेऊ नका. मोटारबोटी याच पाण्यात असतात, वळणावर उजवीकडे राहा. एकदा वापरून फेकायच्या बाटल्या, पिशव्या, वेष्टनं नदीवर चालत नाहीत. तिळगुळाच्या वड्या स्टीलच्या डब्यात नेल्या तर कोणी काही म्हणणार नाही.

ओलीनो आणि इचटकनी

ओलीनोत सांता फे नदी एका खळग्यात शिरून जमिनीखाली गडप होते आणि तीन मैलांहून जास्त अंतरावर पुन्हा वर येते. संध्याकाळच्या फिरण्यात ती जागा पाहून घ्या. सांता फे, सुवानी, सेंट जॉन्स या नद्यांचं पाणी कोऱ्या चहासारखं काळपट असतं, आणि ते निव्वळ झऱ्याचं नसल्याने हिवाळ्यात १२ ते १५ सेल्सिअसपर्यंत उतरतं. झऱ्याच्या पाण्यात पडणं ही फजिती. या नद्यांत पडणं हा धोका. नवख्यांनी हिवाळ्यात त्यांच्यापासून लांब राहावं.

इचटकनी सहा मैलांची. तिच्या उत्तर प्रवेशद्वारापासून दक्षिणेच्या, पाण्याबाहेर पडायच्या उतार्‍यापर्यंतचे साडेतीन मैल कयाकसाठी योग्य. पार्कात मुक्कामाची सोय नाही, म्हणूनच ओलीनो. क्रम असा: आधी एक गाडी दक्षिण प्रवेशद्वाराला सोडा, दुसरीने सगळे उत्तरेला या, दुपारी बाराच्या आत पाण्यात उतरा. दोन-तीन तास लागतात. एकच गाडी असेल तर भाड्याने कयाक देणाऱ्यांना नेआण करण्याबद्दल आदल्या दिवशीच विचारा. उन्हाळ्यातली वाहनसेवा हिवाळ्यात गृहीत धरू नका. शेवटच्या उताऱ्याची पाटी दिसली की बाहेर पडा, पुढे गेलात तर सोयीची जागा नाही.

इथले नियम रेनबोहून कडक आहेत. अन्न, दारू, तंबाखू, फेकायच्या वस्तू, कुत्री, काहीच नदीवर नेता येत नाही. तिळगूळही नाही. पोटभर खाऊन उतरा आणि सोबत फक्त पुन्हा वापरता येणारी पाण्याची बाटली ठेवा.

वरचा भाग अरुंद आहे आणि ओढ्यात झाडं झुकलेली असतात. प्रवाहाने कयाक आडवी करून ओंडक्यावर ढकलली तर माणूस घाबरून ओंडक्यापासून दूर कलतो. मग वरून येणारं पाणी त्या बाजूची कड धरतं आणि कयाक उलटते. उलट करा: ओंडक्याकडेच झुका, हाताने त्याला धरा आणि कडेकडेने सरकत सुटा. उथळ जागी वल्हं तळात खुपसू नका, पाणगवत मुळासकट निघतं.

निघण्याआधी सांता फेची पातळी यू.एस.जी.एस. (अमेरिकेचं भूगर्भ सर्वेक्षण खातं) च्या संकेतस्थळावर पाहा. ती चढलेली असेल तर इचटकनीच्या खालच्या भागात काळं पाणी मागे सरकतं, आणि ओलीनोचा सखल भागही पाण्याखाली जातो. अशा वेळी सिल्व्हरचाच मुक्काम वाढवता येतो का, ते विचारा.

ब्लू स्प्रिंग: इथे कयाक नको

मॅनाटी, म्हणजे समुद्रगाय, ६८ अंश फॅरनहाइटखालचं (२० सेल्सिअस) पाणी फार काळ सोसू शकत नाही. सेंट जॉन्स नदी गार झाली की शेकडो मॅनाटी ऑरेंज सिटीजवळच्या या झऱ्यात शिरतात. २०२४ च्या जानेवारीत इथे एकाच दिवशी ९०० हून अधिक मोजल्या गेल्या. १५ नोव्हेंबर ते १५ मार्च झऱ्याचा ओहोळ पोहणाऱ्यांना आणि कयाकना बंद असतो. काठाच्या लाकडी वाटेवरूनच बघायचं. जितका गारठा जास्त, तितक्या मॅनाटी जास्त. दुपारी ऊन तापलं की त्या नदीत चरायला निघतात.

म्हणून लाटेच्या पहाटे सव्वासहाला ओकालाहून निघा आणि आठच्या आत फाटकासमोर रांगेत राहा. गाड्यांची जागा भरली की फाटक बंद होतं, आणि थंड शनिवार-रविवारी हे लवकर होतं. वाट ओकालाच्या जंगलातून, स्टेट रोड ४० वरून जाते. अंधारात हरणं आणि अस्वलं रस्ता ओलांडतात, वेग आवरा. वाट सपाट असल्याने म्हाताऱ्या माणसांनाही झेपते. पाण्यावरून वाफ उठत असते, तेव्हा पहिली पंधरा मिनिटं फारसं दिसलं नाही तर थांबा.

इतर नद्यांवर मॅनाटी आडवी आली तर वल्हवणं थांबवा, शक्यतो ५० फुटांचं अंतर राखा आणि तिला जाऊ द्या. हात लावणं, पाणी पाजणं, पाठलाग करणं हा गुन्हा आहे. जखमी दिसली तर राज्याच्या वन्यजीव खात्याचा क्रमांक १-८८८-४०४-३९२२. अ‍ॅलिगेटर थंडीत सुस्त असतात आणि दुपारी काठावर ऊन खातात. ६० फूट लांबून जा आणि त्याच्या आणि पाण्याच्या मधे कधीच कयाक घालू नका.

उलटलात तर

झऱ्यांच्या नद्यांवर बऱ्याच जागी उभं राहता येतं, पण सवय म्हणून हे पहिल्याच दिवशी, काठाजवळ, पोहायला परवानगी असलेल्या जागी एकदा करून बघा.

१. वल्हं आणि कयाक दोन्ही धरून ठेवा. कयाक सोडून काठाकडे पोहू नका.
२. उलट्या कयाकवरून हात पलीकडे टाका, दूरची कड पकडा, जवळच्या कडेवर गुडघे रोवा आणि मागे झुका. ती सुलटी होते.
३. मधोमध या, पाय मागे पसरून पाण्यात जोरात मारा आणि पोटावर कयाकवर सरका. उभं चढायचा प्रयत्न केलात तर ती पुन्हा उलटेल.
४. पोटावरून कुशीवर वळा, बूड आसनात बसवा, मग पाय आत घ्या.
५. काठ दिसताच बाहेर पडा आणि ओले कपडे पूर्ण बदला.

पाचवी पायरीच लोक टाळतात, कारण पाणी कोमट होतं आणि थंडी लगेच जाणवत नाही. वाऱ्यात ओलं अंग अर्ध्या तासात गारठतं. हात थरथरायला लागले, बोलणं अडखळलं की सहल थांबवा: कोरडे कपडे, टोपी, गोड गरम पेय. बोलण्यात विसंगती आली तर ९११.

एका नदीतून दुसरीत आणि घरी

प्रत्येक नदीतून निघताना कयाक, वल्ही आणि बूट यांना चिकटलेली पाणवनस्पती काढून टाका आणि पाणी ओतून द्या. रेनबो नदीत बाहेरून आलेलं हायड्रिला नावाचं गवत माजलेलं आहे. त्याचा बोटभर तुकडा दुसऱ्या झऱ्यात गेला तरी तिथे मूळ धरतो.

परतीच्या दिवशी तंबू दहाच्या आधी वाळत नाही. दव पुसून घ्या, बाहेरचं आवरण उलटं करून उन्हात टाका, तोवर नाश्ता करा. विमान सकाळचं असेल तर तंबू ओलाच मोठ्या प्लॅस्टिक पिशवीत भरा आणि घरी पोहोचल्याच्या दिवशीच, चोवीस तासांच्या आत, न्हाणीघरात पसरा. बुरशी धरली की तिचा वास जात नाही. उरलेली गॅसची नळकांडी, वापरलेली असोत वा नवी, विमानात चालत नाहीत. शेजारच्या तंबूवाल्याला देऊन टाका, आणि शेगडी प्रवासाच्या सामानात भरण्याआधी तिला गॅसचा वास येत नाही ना, ते तपासा. वास आला तर विमानतळावर ती ठेवून घेतली जाऊ शकते.